भट्टीबद्दलचं एक वाक्य

ब्रेस्तिका, १२ फेब्रुवारी २०१९

आदरणीय ग्रादिमिर मामा,

गुरुवारी, ७ फेब्रुवारीला काय झालं ते क्रमाने लिहिते.

१. आमच्या एनॅमल भांड्यांच्या कारखान्यात ग्राझहून मालकांचे तीन लोक आले. त्यांच्या प्रमुख श्रीमती प्लात्सर.

२. मालकांचे असे तीन कारखाने आहेत. एक आमचा, एक स्लोवाकियात, एक हंगेरीत. भट्ट्या दोनच ठेवायच्या आहेत. कोणती बंद करायची ते ठरवण्यासाठी प्रत्येक कारखान्याने अर्धा तास स्वतःबद्दल बोलायचं होतं.

३. आमचे संचालक वोयिन यांनी पाहुण्यांना आधी रकिया पाजली, मग चमचाभर गोड स्लात्को आणि पाणी दिलं, मग स्वागताचं भाषण केलं. त्यात पाऊण तास गेला.

४. मी इंग्रजीत बोलले. नऊ स्लाइड होत्या. त्यांपैकी सात बिघाडांच्या.

५. आठव्या स्लाइडवर मी म्हणत होते, "आमची भट्टी अकरा वर्षांत एकदाही..." मागच्या रांगेतून भट्टीचे मुकादम मिलाशिन यांनी टेबलाच्या लाकडावर तीनदा टकटक केलं. मी थांबले आणि नववी स्लाइड लावली.

६. श्रीमती प्लात्सर म्हणाल्या, ते वाक्य पूर्ण करा. मी म्हणाले, ते महत्त्वाचं नाही.

७. त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. नंतर एकही प्रश्न विचारला नाही.

८. काल ग्राझहून कळलं की तिघांत आम्ही शेवटचे आहोत. १९ मार्चला तिथे जाऊन आम्हाला आणखी वीस मिनिटं बोलता येईल. त्यानंतर निर्णय.

आता ओळख. मी नेदा, तुमच्या चुलतबहिणीची, देसांकाची मुलगी. तुम्ही मला एकदाच पाहिलं आहे, आजोबांच्या अंत्यविधीला. मी भट्टी विभागाची अभियंता आहे. आई सांगते की तुम्ही रेडिओवर बातम्या द्यायचात आणि आता कंपन्यांच्या लोकांना चारचौघांत बोलायला शिकवता.

दोन गोष्टी स्पष्ट करते. मला बोलायची भीती वाटत नाही. हात स्थिर होते. दुसरं त्या टकटकीबद्दल. आमच्याकडे पाळी सोपवताना फक्त काय बिघडलंय तेवढंच सांगतात. जे नीट चाललंय त्याचा उच्चार करायचा नाही, केला तर भट्टीला दृष्ट लागते. कोणाच्या तोंडून निघालंच तर जवळचा माणूस लाकडावर वाजवतो. माझा दृष्टीवर विश्वास नाही. तरी मी थांबले. सात स्लाइड बिघाडांच्या झाल्या त्याचंही कारण तेच असावं. त्या तयार करताना ते माझ्या लक्षात आलं नाही.

कारखान्यात एकशे बारा माणसं आहेत. आई त्यांतली एक, ती भांड्यांवर फुलांची चित्रं चिकटवते. ब्रेस्तिकात दुसरा कारखाना नाही.

माझं काय चुकलं ते सांगाल का? फोन केलात तरी चालेल. नंबर पाकिटावर आहे.

नेदा


बेलग्रेड, १८ फेब्रुवारी

प्रिय नेदा,

पत्र आलंय की पंचनामा, असं तुझ्या ल्युबिंका मामीने विचारलं. मी म्हटलं, देसांकाची मुलगी आहे, तिच्या आईनेही लग्नाचं आमंत्रण दोन ओळींत लिहिलं होतं.

फोन नको. आमच्या फोनमध्ये सतत खरखर असते. शिवाय जे एका माणसाला शाईने लिहिता येत नाही ते दहा माणसांना तोंडाने सांगता येत नाही, असं मी शिकवतो आणि त्याचे पैसे घेतो. तुझ्याकडून पत्रं घेईन.

भीती वाटत नाही म्हणतेस. भीती न वाटणारा माणूस आपले हात स्थिर होते की नाही ते बघत नाही. तेव्हा रोज सकाळी खिडकीपाशी उभी राहा, पोटात श्वास घे, हळूहळू सोड, आणि सोडताना कारखान्यातल्या लोकांची नावं म्हण. बाराव्या नावापर्यंत पोचलीस की पुरे.

आता पापं. तुझं पहिलं पाप वोयिनचं आहे. पाहुण्याला दारू पाजून, गोड भरवून, भाषणाने झोपवायचं आणि मग आकडे दाखवायचे. हे फक्त आपल्याला सुचतं. दुसरं, नऊ स्लाइड. भिंतीवर लिहिलेलं लोक वाचतात, आणि वाचणारा माणूस ऐकत नाही. तूही भिंतीकडे तोंड करून वाचलंस ना? खरं सांग. तिसरं, "माझं इंग्रजी फार चांगलं नाही, माफ करा," असं सुरुवातीला म्हणाली असशील. आपल्याकडे यजमानीण म्हणते, आज काहीच जमलं नाही हो, आणि टेबल पदार्थांनी वाकलेलं असतं. आपल्या माणसाला ते कळतं. ग्राझच्या बाईला वाटतं, बिचारीला खरंच जमलं नाही.

पण ही सगळी किरकोळ पापं. मोठं पाप म्हणजे "ते महत्त्वाचं नाही." दार उघडायचं, पाहुणी उंबऱ्यावर आली की तिच्या तोंडावर लावायचं. त्या बाईला तुझ्या नऊ स्लाइडांतलं दुसरं काही आठवत नसेल. भट्टी अकरा वर्षांत एकदाही काय? साफ केली नाही? तपासली नाही? ज्याचं वाक्य अर्धवट राहतं त्याने काहीतरी लपवलंय असंच माणूस धरून चालतो. मलाही तू सांगितलेलं नाहीस, आणि मी दोन दिवस तेच घोकतोय.

ते वाक्य पूर्ण लिहून पाठव. आणि वीस मिनिटांत काय बोलणार आहेस ते एका पानावर. एकाच. पाठपोट नाही.

तुझा ग्रादा मामा


ब्रेस्तिका, २५ फेब्रुवारी

आदरणीय ग्रादा मामा,

भिंतीकडे तोंड करून वाचलं, हे खरं आहे. माफीही मागितली, दोनदा. श्वासाचा व्यायाम केला. फरक पडला नाही, कारण आधीही नाडी ठीकच होती. नावं मात्र रोज म्हणते आहे.

शनिवारी फोन केला होता. मामी म्हणाल्या, तुम्ही बाजारात गेला आहात. फोनमध्ये खरखर नव्हती.

ते वाक्य असं आहे: "आमची भट्टी अकरा वर्षांत एकदाही विझलेली नाही, आणि म्हणूनच तिची विटांची कमान अकरा वर्षांत कोणी नव्याने बांधलेली नाही."

तुम्हाला भट्टीची माहिती नसेल, म्हणून सांगते. बाकीचे दोन कारखाने दर उन्हाळ्यात भट्टी विझवतात. पुन्हा तापवल्यावर सुरुवातीचा बराच माल डागाळलेला निघतो. आमची सतत पेटती असते, म्हणून तिघांत सगळ्यांत कमी भांडी आमची फुकट जातात. ही चांगली बाजू. पण भट्टी थंड केल्याशिवाय वरच्या कमानीला हात लावता येत नाही. कमानीच्या मधोमध तडा गेला आहे. फेब्रुवारीत चौथी स्लाइड त्याचीच होती. थंड करणं, बांधणं, पुन्हा तापवणं, सगळं मिळून तीन आठवडे लागतात. या उन्हाळ्यात बांधली तर पुढे दहा वर्षं काळजी नाही. या दोन्ही गोष्टी एकाच कारणातून आल्या आहेत, म्हणून वाक्य एकच आहे.

मिलाशिनना मी सांगितलं की हे वाक्य ग्राझला पूर्ण म्हणणार आहे. ते भट्टीच्या तोंडाशी उभे होते.

"तिथे लाकडाचं काही असेल का?" त्यांनी विचारलं.

"टेबल काचेचं असतं म्हणे."

"काचेवर जेवतात की काय ते लोक?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बीच झाडाच्या लाकडाचा हातात मावेल एवढा ठोकळा आणून दिला. रंधा मारलेला. म्हणाले, "खिशात ठेव. बोललीस की वाजव. त्यांना ऐकू गेलं नाही तरी चालतं."

एका पानाचं भाषण सोबत आहे.

नेदा


बेलग्रेड, ३ मार्च

प्रिय नेदा,

तुझं पान परत पाठवतोय. लाल शाई माझी. ल्युबिंका म्हणते, पोरीचं पान कसायाकडून आल्यासारखं दिसतंय. दिसू दे.

तुझं वाक्य सोन्यासारखं आहे, आणि तू त्याच्या शेपटीला धोंडा बांधला आहेस. "आमची भट्टी अकरा वर्षांत एकदाही विझलेली नाही." इथे थांब. मग गप्प राहा. मनात तीनपर्यंत मोज. तेवढ्या वेळात त्या खोलीतला प्रत्येक माणूस स्वतःच्या घरातली अकरा वर्षं आठवेल, आणि त्यात काय काय विझलं तेही. तू बोलून जे करू शकत नाहीस ते ती शांतता करेल. मी चाळीस वर्षं त्यावरच पोट भरलं.

कमान, तडा, तीन आठवडे, सगळं मी कापलंय. रागावशील, रागाव. तुम्ही अभियंते लोक सगळं सांगितलं की सगळं पोचलं असं समजता. वीस मिनिटांतून ऐकणाऱ्याच्या डोक्यात एक गोष्ट उरते. भट्टी उरू दे, तडा नको. खोटं बोल असं म्हणत नाही. विचारलं तर सरळ सांग. पण आधी भट्टी वाचव. चालू भट्टीची डागडुजी मागून मिळते, बंद भट्टीची कोण करतो?

बाकीचं थोडक्यात. एकच स्लाइड, भट्टीच्या तोंडाचं छायाचित्र, त्यावर अक्षर नको. ते वाक्य श्रीमती प्लात्सरकडे बघून म्हण, भिंतीकडे नाही आणि जमिनीकडेही नाही. "शेवटचा मुद्दा" असं म्हणू नकोस, म्हटलंस तर तो खरंच शेवटचा असू दे. प्रश्न आला तर आधी उत्तर, मग कारण. वीस मिनिटं दिलीत तर बारात आटप. उरलेल्या आठ मिनिटांसाठी ते आयुष्यभर तुझे आभारी राहतील. आणि वोयिनला रकिया घरी ठेवायला सांग.

मी हल्ली बाजारात फार असतो हे खरं आहे. सफरचंदं निवडताना बोलावं लागत नाही.

तुझा ग्रादा मामा


ब्रेस्तिका, २१ मार्च

आदरणीय ग्रादा मामा,

भट्टी राहिली. स्लोवाकियातली बंद होणार. तिचं काम मेपासून आमच्याकडे येईल.

तुम्हाला तपशील हवे असतील. टेबल काचेचंच होतं. एक स्लाइड लावली. माफी मागितली नाही. वाक्य श्रीमती प्लात्सरकडे बघून म्हणाले आणि तीनपर्यंत मोजलं. दुसऱ्या आकड्यावर एका गृहस्थांनी पेन खाली ठेवलं.

"अकरा वर्षं?" त्या म्हणाल्या.

"अकरा वर्षं."

"कोण सांभाळतं?"

मी मिलाशिनबद्दल सांगितलं. नाताळला आणि ईस्टरलाही कोणी ना कोणी तिथे असतं, तेही सांगितलं. मग भांडी किती फुकट जातात ते. एवढंच. बारा मिनिटं झाली.

त्यांनी विचारलं, "आणखी काही आम्हाला माहीत असायला हवं का?" मी तोंड उघडलं, तेवढ्यात वोयिन म्हणाले, "नाही, नाही, एवढंच. वेळ तुमचा." ते हसले, त्याही हसल्या. मी दुरुस्ती केली नाही. घड्याळात आठ मिनिटं शिल्लक होती.

स्लोवाकियातल्या कारखान्यात किती माणसं आहेत ते मी विचारलं नाही.

इथे फाटकावर लोक थांबले होते. आईने माझा कोट काढून घेतला आणि मला आत ओढलं. कोणीतरी कोकरू भाजलं. मिलाशिन जेवायला आले, पण बसले नाहीत.

"ठोकळा वाजवलास?"

"तो पिशवीत राहिला."

ते भट्टीकडे जाऊन आले. परत आल्यावर थोडं जेवले.

तुमचं सांगणं बरोबर ठरलं. आभारी आहे. फोन करून हे सांगणार होते. मामींनी पुन्हा बाजार सांगितला. तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते.

नेदा


बेलग्रेड, २९ मार्च

प्रिय नेदा,

तुझं पत्र मी ल्युबिंकाला दोनदा वाचायला दिलं. पेन खाली ठेवलेल्या माणसापाशी मी थांबलो. असा माणूस माझ्या आयुष्यात तीन-चारदाच आला असेल. वोयिननेही जन्मात पहिल्यांदा थोडक्यात आवरलं, त्याचं अभिनंदन कर.

आता कमानीसाठी लिही. जिंकलेल्या माणसाला मागता येतं. लवकर माग, त्यांचं कौतुक शिळं व्हायच्या आत.

तुझ्या आईला म्हणावं, जुर्जेवदानला ये, घरच्या संताचा दिवस आहे, दरवर्षी काय कारणं सांगतेस. भाषण या वर्षी माझा मुलगा करेल. म्हाताऱ्याने किती बोलावं. आणि माझ्या बाजाराचा हिशोब ठेवू नकोस, तुझं काम भट्टीचं आहे.

तुझा ग्रादा मामा


ब्रेस्तिका, १७ मे

आदरणीय ग्रादा मामा,

मी जुर्जेवदानला आले नाही, कारण त्या दिवशी स्लोवाकियाचा पहिला माल भट्टीत गेला. आई येऊन गेली. तिने जे पाहिलं ते मला सांगितलं. तुम्ही पेला उचललात, ओठ हलवलेत, आणि कागद मुलाने वाचला. खोलीत शेगडी असताना तुमच्या गळ्यात रुमाल होता. जेवणात तुम्ही फक्त रस्सा घेतलात. आई म्हणते, सर्दी असेल. सर्दी फेब्रुवारीपासून राहत नाही. कृपया आजाराचं नाव लिहा. मला अंदाजावर राहायला आवडत नाही.

भट्टीचं असं आहे. भट्टीतून भांडी नेणारी साखळी आता पूर्वीपेक्षा बरीच वेगाने फिरते. कमानीतला तडा पूर्वी दिवसा दिसत नसे. आता वरून पाहिलं की त्यातून लाल उजेड दिसतो. मिलाशिन रोज बघतात आणि पाळी सोपवताना तेवढंच सांगतात: "उजेड आहे." मी लिहून घेते.

एप्रिलच्या सुरुवातीला मी ग्राझला तीन आठवडे मागितले होते, कारणासकट, आकृतीसकट. गेल्या आठवड्यात उत्तर आलं. त्यातली ही ओळ: "ज्या भट्टीबद्दल तुम्हीच सांगितलंत की ती अकरा वर्षांत एकदाही विझलेली नाही, ती नवा माल सुरू होताच विझवण्याची गरज आम्हाला समजत नाही. नव्या वर्षानंतर पाहू."

वोयिन म्हणाले, "बघ, तुझं वाक्य त्यांना पाठ झालंय." त्यांना ते खरंच चांगलं वाटलं.

मी पुन्हा लिहिलं आहे. उत्तर नाही. नवीन वर्षापर्यंत कमान टिकणार नाही असं माझं मत आहे. मत म्हणते, कारण मोजायला आत जाता येत नाही.

नेदा


बेलग्रेड, २४ मे

प्रिय नेदा,

नाव: स्वरयंत्राचा कर्करोग. बघ, लिहिलं. तू पहिली, जिला मी लिहून दिलं, बाकीच्यांना ल्युबिंकाने सांगितलं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच आवाज पार बसला होता. मला वाटलं, बोलायला शिकवणारा घोगरा म्हातारा बघून पोरगी दुसरीकडे जाईल, म्हणून फोनला खरखर लावली. ४ जूनला शस्त्रक्रिया आहे. त्यानंतर आवाज राहणार नाही, कुजबुजही नाही. ल्युबिंकाने पाटी आणून ठेवलीय, मुलांची, कडेला बदकं असलेली. म्हणते, आता शेवटचा शब्द माझा, तू खडू शोधेपर्यंत मी दुसऱ्या खोलीत गेलेली असेन. आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसते.

आता तुझं. ग्राझचं ते उत्तर मी वाचलं आणि माझं लाल शाईचं पेन केराच्या टोपलीत टाकलं. मग परत काढलं, कारण पेन टाकून काय होणार? मी ऐकणाऱ्यांच्या डोक्यात एक गोष्ट उरावी म्हणून कापत आलो. ती उरली. आता ती तिथून निघत नाही.

त्यांना तिसऱ्यांदा लिही. आकृती नको, तीन पानं नकोत. एकच ओळ: कमान पडली तर खाली माणसं आहेत. पत्र नुसतं पाठवू नकोस, श्रीमती प्लात्सरला स्वतः फोन कर. तुझ्याकडे आवाज आहे.

तुझा ग्रादा मामा


ब्रेस्तिका, १२ जून

आदरणीय ग्रादा मामा,

शस्त्रक्रिया पार पडली, तुम्ही शुद्धीवर आहात आणि पाटीवर लिहिता, एवढं मामींनी कळवलं. हे पत्र मामी रुग्णालयात आणून देतील. थकवा असेल तर दोन भागांत वाचा.

१. मी २९ मेला श्रीमती प्लात्सर यांना फोन केला आणि तुम्ही सांगितलेली ओळ म्हणाले. त्या म्हणाल्या, जूनअखेर माणूस पाठवते.

२. शनिवारी, ८ जूनला, दुपारी पाळी बदलताना कमान मधोमध खाली आली.

३. तोंडाशी मिलाशिन होते. पुढच्या माणसाला "उजेड आहे" असं सांगत होते. दोन्ही हात कोपरांपर्यंत भाजले. डाव्या हाताची बोटं राहतील की नाही ते अजून सांगत नाहीत. बाकी कोणाला इजा नाही.

क्रमांक पुढे घालत नाही.

भट्टी आता थंड आहे. कारखान्यात आवाज नाही, त्यामुळे सगळे हळू बोलतात. कामावर यायची गरज नसताना लोक येतात, टोप्या काढून भट्टीसमोर उभे राहतात आणि जातात. आई तिच्या टेबलापाशी बसून फुलांच्या चित्रांचे गठ्ठे लावते. चिकटवायला भांडं नाही.

काल मिलाशिनना भेटायला जिल्ह्याच्या रुग्णालयात गेले. हात वर टांगलेले होते.

"तू वाजवलं नाहीस," ते म्हणाले. "बाकी काही नाही झालं."

"तडा होता, मिलाशिन काका."

"तडा काय, मी कामाला लागलो तेव्हापासून बघतोय."

"तो वाढत होता. तुम्हीच रोज सांगत होता."

त्यांनी मान छताकडे वळवली. मग म्हणाले, "पोरी, दृष्ट लागली म्हण. दृष्टीला कोणी नोकरीवरून काढत नाही."

गावात सगळे तेच म्हणतात. ग्राझला जाऊन मोठ्याने बोलली, म्हणून झालं. रागाने म्हणत नाहीत. बेकरीतल्या बाईंनी मला बुरेकचा तुकडा जास्त दिला आणि डोक्यावरून हात फिरवला. मला राग आलेला जास्त सोयीचा गेला असता.

सोमवारी, २४ जूनला ग्राझला बैठक आहे. कमान बांधायची की भट्टी कायमची बंद करून सगळं हंगेरीला न्यायचं, ते तिथे ठरेल. बोलायला मला बोलावलं आहे. दहा मिनिटं. वोयिननी आज दार लावून घेतलं.

"एकच सांग," ते म्हणाले. "तुम्ही माल वाढवला, कमान पडली. इथे थांब. तुझे मामाच म्हणतात ना, एकच गोष्ट सांगावी?"

"ते खरं आहे," मी म्हणाले.

"खरं आहे ना? मग झालं."

"त्यांनी विचारलं होतं, आणखी काही आहे का."

"तेव्हा मी उत्तर दिलं, तू नाही दिलंस," ते म्हणाले, आणि खिडकीकडे वळले. त्यांचा मोठा मुलगाही भट्टीवर आहे. ते घाबरलेले आहेत, लबाड नाहीत.

मार्चमध्ये रेघ तुम्ही मारलीत आणि ती मी मान्य केली. याची वाटणी करण्यासाठी मी लिहीत नाही. तुमच्याशिवाय भट्टी मार्चमध्येच गेली असती, हेही खरं आहे, आणि मिलाशिनचे हात शाबूत राहिले असते, हेही. दोन्ही मी एकाच ओळीत लिहिलं आहे, कारण ती वेगळी करता येत नाहीत.

२४ तारखेला मी हे म्हणणार आहे:

"आमची भट्टी अकरा वर्षांत एकदाही विझली नाही, म्हणून तिची कमान अकरा वर्षांत कोणी बांधली नाही. फेब्रुवारीत मी तुम्हाला तडा दाखवला. मार्चमध्ये दाखवला नाही, कारण तुम्ही भट्टी ठेवावी असं मला वाटत होतं. तुम्ही विचारलंत तेव्हाही मी गप्प बसले. एप्रिलमध्ये मी तीन आठवडे मागितले, तेव्हा तुम्ही माझंच वाक्य मला परत पाठवलंत. आता भट्टी थंड आहे. कमान बांधण्यासाठी ती विझवावी लागणार नाही. मी तेच तीन आठवडे पुन्हा मागते आहे. ज्या माणसाने ती अकरा वर्षं सांभाळली त्याचे दोन्ही हात भाजले आहेत, आणि ती पुन्हा कशी पेटवायची ते त्याला माहीत आहे."

भिंतीवर काही लावणार नाही. ठोकळा खिशात असेल, मिलाशिनना तसं वचन दिलं आहे.

मोठ्याने वाचून पाहिलं. दोन मिनिटंही लागत नाहीत. उरलेल्या वेळात ते काय विचारतील ते मला माहीत नाही, पण जे विचारतील त्याचं उत्तर मीच देईन.

यातलं काही कापू नका. कुठे थांबायचं आणि किती वेळ, तेवढ्याच खुणा करा. मला ते अजून जमत नाही, आणि तुम्हाला ते आवाजाशिवायही कळतं. पान वेगळं जोडलं आहे, ओळींमध्ये जागा सोडली आहे. लाल शाई चालेल.

मी शनिवारी सकाळी निघणार आहे. खुणा केलेलं पान गुरुवार, २० जूनपर्यंत माझ्या हातात पडेल असं पाठवा.

नेदा